नजरेपलीकडचा ड्रोन आकाशातल्या वाहतुकीत कसा बसवायचा: नवख्यांसाठी पायरीवार तयारी

ड्रोन नजरेसमोर उडवताना काही चुकलं तर डोळे सावरून घेतात. तो चार-सहा किलोमीटर पुढे गेला की ती सोय संपते. त्याच पट्ट्यात येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकालाही अर्धा मीटर रुंदीचा ड्रोन वेळेत दिसत नाही. म्हणून बीव्हीएलओएस, म्हणजे नजरेपलीकडच्या उड्डाणात, सगळी भिस्त आगाऊ सांगण्यावर असते. कुठे असणार, किती वाजता असणार, किती उंचीवर असणार आणि बिघडलं तर काय करणार, हे आधी कळवायचं आणि मग कळवलंय तेच उडवायचं.

विमानांची वाहतूक नियंत्रक रेडिओवर बोलून सांभाळतो. शेकडो ड्रोनशी कोणी असं बोलू शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी संगणकांनी आपापसांत बोलायची वेगळी व्यवस्था उभी राहिली. तिला यूटीएम म्हणतात. नासाच्या एम्स केंद्रात परिमल कोपर्डेकर यांच्या पुढाकाराने या कल्पनेवर काम झालं आणि २०१५ ते २०१९ या काळात चार टप्प्यांत चाचण्या झाल्या, आधी मोकळ्या माळावर आणि शेवटी शहरात. युरोपात याच व्यवस्थेला यू-स्पेस म्हणतात. तिचे नियम २६ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. नावं आणि फॉर्म देशागणिक बदलतात, पण खालच्या पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

हाताशी काय हवं

कागद: ऑपरेटर आणि ड्रोनची नोंदणी, पायलटचा परवाना किंवा प्रमाणपत्र, विमा, उड्डाण कसं करणार याचं लेखी वर्णन, जोखमीचं मूल्यमापन, आणीबाणीची कार्यपद्धती आणि जवळच्या विमानतळाचे किंवा हेलिपॅडचे संपर्क.

साधनं: रिमोट आयडी (स्वतःची ओळख प्रसारित करणारी सोय) असलेला ड्रोन, दोन स्वतंत्र संपर्क-दुवे, एडीएस-बी रिसीव्हर (विमानं स्वतःची जागा सांगणारे जे संदेश प्रसारित करतात ते ऐकणारं यंत्र), भूभागाच्या उंचीचा डेटा, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणि यूटीएम सेवा देणाऱ्या कंपनीचं खातं. ग्राउंड स्टेशनचं, म्हणजे जमिनीवरून ड्रोन चालवायच्या संगणकाचं, घड्याळ नेटवर्कच्या वेळेशी जुळवलेलं हवं. घड्याळाचं महत्त्व चौथ्या पायरीत कळेल.

१. आकाश कोणाचं आहे ते आधी बघा

आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत हवाई क्षेत्राचे ए ते जी असे सात वर्ग आहेत. ए ते ई नियंत्रित, एफ आणि जी अनियंत्रित. भारत, युरोप आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी ड्रोनसाठी नेहमीची मर्यादा जमिनीपासून साधारण १२० मीटर, म्हणजे ४०० फूट आहे, आणि एवढ्या उंचीवरचं बहुतेक आकाश अनियंत्रित असतं. विमानतळाभोवती मात्र नियंत्रित क्षेत्र थेट जमिनीपर्यंत उतरतं. तिथे दहा मीटरवर उडवायलाही परवानगी लागते.

मोकळ्या भागात सर्वसाधारण विमानांनी ५०० फुटांच्या खाली यायचं नसतं, म्हणून ड्रोनची कमाल मर्यादा आणि विमानांची किमान मर्यादा यांत १०० फुटांचं अंतर राहतं. कागदावर ते पुरेसं वाटतं. पण रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर, पोलिसांचं हेलिकॉप्टर, फवारणीचं विमान, वीजवाहिन्यांची पाहणी करणारे आणि उतरणारे पॅराग्लायडर हे सगळे तुमच्याच पट्ट्यात असतात. त्या भागात यांपैकी कोण नेहमी उडतं ते शोधून त्यांना आठवडाभर आधी कळवा. या एका फोनने जेवढा धोका टळतो तेवढा महागड्या उपकरणानेही टळत नाही.

सापळा: नकाशा आराखडा करताना बघितला, पण उड्डाणाच्या सकाळी बघितला नाही. तात्पुरते निर्बंध आणि नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, रात्रीतून येतात. दुसरी गैरसमजूत अशी, की ड्रोनच्या ॲपने मोटर सुरू होऊ दिल्या म्हणजे परवानगी मिळाली. ॲपमधलं जिओफेन्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रात उडू न देणारं कुंपण, ही निर्मात्याची सोय आहे. सरकारी मंजुरीशी तिचा संबंध नाही.

२. उंची कशापासून मोजताय?

नवख्यांच्या सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

एकाच ड्रोनची उंची एकाच क्षणी चार आकड्यांत सांगता येते: उड्डाणाच्या जागेपासून, खालच्या जमिनीपासून, समुद्रसपाटीपासून आणि जीपीएसच्या गणिती पृथ्वीपासून, म्हणजे डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलापासून. स्क्रीनवर बहुधा पहिली दिसते, कायदा दुसरी विचारतो, वैमानिक तिसरी वापरतो आणि यूटीएमच्या प्रणाली चौथी मागतात.

टेकडीवरून उड्डाण केलंत, स्क्रीनवर १०० मीटर दिसतंय आणि मार्गातली दरी ८० मीटर खोल आहे. त्या दरीवर तुम्ही जमिनीपासून १८० मीटरवर आहात आणि मर्यादा कधीच ओलांडलीय. उलट दिशेचा धोका आणखी वाईट, कारण समोर चढ असेल तर १०० मीटर दिसत असतानाच ड्रोन झाडाला लागतो.

लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतला फरक जागेनुसार बदलतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, तर न्यू गिनीच्या परिसरात ८० मीटरच्या आसपास वर. समजा तुमच्या जागी हा फरक उणे ६० मीटर आहे आणि ड्रोन समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर उडणार आहे. लंबगोलापासूनची उंची १४० मीटर झाली. फॉर्ममध्ये २०० भरलेत तर तुम्ही राखून ठेवलेली जागा ड्रोनच्या खऱ्या जागेपेक्षा ६० मीटर वर जाते. उड्डाण सुरू झाल्या झाल्या प्रणाली तुम्हाला मर्यादेबाहेर दाखवणार, आणि ज्या जागेत तुम्ही खरोखर आहात ती दुसऱ्या कोणाला मोकळी दिसणार.

तिसरी गोष्ट हवेच्या दाबाची. ड्रोनचा बॅरोमीटर उड्डाणाच्या जागी शून्य होतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक पडतो. लांबच्या उड्डाणात दाब २ हेक्टोपास्कलने उतरला, तर केवळ बॅरोमीटरवर उंची राखणारा ड्रोन प्रत्यक्षात १६-१७ मीटर खाली आलेला असतो आणि स्क्रीनवरचा आकडा हललेलाही नसतो. हवामान बिघडत असताना हे होऊ शकतं.

करायचं असं: मार्गावरच्या प्रत्येक वळणबिंदूसाठी चारही उंचींचा छोटा तक्ता करा. यूटीएममध्ये जाणाऱ्या रकान्यावर ‘लंबगोल’ असं स्पष्ट लिहा. उड्डाणाआधी ड्रोन जमिनीवर असताना टेलिमेट्रीतली, म्हणजे ड्रोनकडून येणाऱ्या माहितीतली, लंबगोल-उंची तक्त्याशी ताडून बघा. पाच-सात मीटरचा फरक चालेल, पन्नासचा दिसला तर संदर्भच चुकलाय.

३. मार्गाला रुंदी द्या

नकाशावर काढलेली रेघ म्हणजे मार्ग नव्हे. जारुस या आंतरराष्ट्रीय गटाने केलेली सोरा ही जोखीम-मूल्यमापनाची पद्धत अनेक देशांत चालते. तिच्यात तीन थर असतात. नेहमीच्या उड्डाणाची जागा, तिच्या बाहेर आकस्मिक जागा (काही बिघडलं तर सावरायला) आणि त्याबाहेर जमिनीवरचा सुरक्षा-पट्टा.

१५ मीटर प्रति सेकंद वेगाच्या मल्टिरोटरसाठी, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनसाठी, आकस्मिक जागा अशी काढा. जीपीएसची चूक ३ मीटर, जागा धरून ठेवण्यातली चूक ३, नकाशाची चूक १. पायलटला कळून बटण दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर १५ मीटर. ३० अंश कलून थांबायला साधारण २० मीटर. बेरीज ४२. वेग दुप्पट केला तर थांबायचं अंतर चौपट होतं, हे विसरू नका.

जमिनीवरच्या पट्ट्याचा सोपा नियम एकास एक. आकस्मिक जागेचा माथा ११० मीटरवर असेल तर पट्टा किमान ११० मीटरचा. नेहमीचा मार्ग मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १० मीटर धरला तर एका बाजूला १६२ मीटर झाले, म्हणजे एकूण सव्वातीनशे मीटर रुंदीचा पट्टा. त्यात शाळा किंवा बाजार येत असेल तर मार्ग सरकवा. आकडे आखडून घेऊ नका.

४. वेळ धरून जागा राखा

आता त्या पट्ट्याचे तुकडे करून प्रत्येकाला सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्यायची. लांबी, रुंदी, उंची आणि वेळ मिळून जो ‘खोका’ तयार होतो, तो तुम्ही यूटीएमला कळवता. तुमची सेवा देणारी कंपनी एका सामायिक नोंदवहीत विचारते, की या भागात आणखी कोणाची उड्डाणं आहेत का. नोंदवही सगळा तपशील साठवत नाही. कोणाशी बोलायला हवं एवढंच सांगते, मग दोन कंपन्या आपापसांत खोके ताडून बघतात. दोन खोके जागेत आणि वेळेतही एकमेकांवर आले तरच टक्कर धरली जाते.

समजा मार्ग ६ किलोमीटरचा आहे आणि वेग १५ मीटर प्रति सेकंद. दीड-दीड किलोमीटरचे चार खोके केले तर प्रत्येकाला १०० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. सकाळी समोरून ५ मीटर प्रति सेकंदाचा वारा सुटला तर जमिनीवरचा वेग १० वर येतो आणि प्रत्येक खोक्याला १५० सेकंद लागतात. तिसरा खोका ओलांडता ओलांडता तुम्ही अडीच मिनिटं मागे पडलेले असता आणि चौथ्याची राखलेली वेळ संपूनही गेलेली असते. उड्डाणात कुठलीही चूक न करता तुम्ही मर्यादेबाहेर गेलात.

म्हणून खोक्यांच्या वेळा शांत हवेच्या वेगावर काढू नका. त्या दिवशीच्या अंदाजातल्या सर्वांत वाईट समोरच्या वाऱ्यावर शेवटची वेळ काढा आणि पाठीमागच्या वाऱ्यावर सुरुवातीची. पुढचे खोके वेळेत जास्त लांब होतील, ते तसेच हवेत. सगळा परिसर दोन तासांसाठी राखून ठेवण्याचा मोह मात्र टाळा. अशी मागणी बहुधा नाकारली जाते, आणि मंजूर झालीच तर औषधं नेणाऱ्या दुसऱ्या कोणाची वाट अडते.

टक्कर दाखवली तर आधी वेळ सरकवून बघा, मग उंची, शेवटी मार्ग. मार्ग बदलला की तिसऱ्या पायरीचं सगळं गणित पुन्हा करावं लागतं.

सापळे: वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, भरायची असते; स्थानिक वेळ भरणारे दर आठवड्याला सापडतात. मंजुरी मिळणं आणि उड्डाण सक्रिय करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सक्रिय न करता उडालात तर इतरांच्या लेखी तुम्ही अजून जमिनीवरच आहात. आणि पहिला व शेवटचा खोका जमिनीपर्यंत पोचायला हवा. तो ३० मीटरपासून सुरू केला तर चढताना आणि उतरताना तुम्ही दोन्ही वेळा बाहेर असता.

५. स्वतःची ओळख पाठवा

रिमोट आयडी म्हणजे ड्रोनची चालती-बोलती नंबर प्लेट. ओळख-क्रमांक, जागा, उंची, वेग आणि पायलटची किंवा उड्डाणाची जागा हा मजकूर ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून सतत प्रसारित होतो. काही देशांत तो इंटरनेटवरूनही द्यावा लागतो. कार्बन फायबरच्या आवरणाखाली मॉड्यूल बसवू नका, संदेश बाहेर पडत नाही. उड्डाणाआधी फोनवरच्या रिसीव्हर ॲपमध्ये स्वतःचा ड्रोन शोधा, आणि शंभर पावलं लांब जाऊन पुन्हा शोधा.

बरेच जण विचारतात, की विमानासारखा एडीएस-बी ट्रान्समीटरच का लावू नये. १०९० मेगाहर्ट्झ ही एकच वारंवारता एडीएस-बी, रडारला उत्तर देणारे ट्रान्सपॉन्डर आणि विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा मिळून वापरतात. त्यात हजारो ड्रोनची भर पडली तर विमानांचेच संदेश एकमेकांत बुडतील. अमेरिकेत लहान ड्रोनना विशेष परवानगीशिवाय एडीएस-बी प्रसारणाची मनाई आहे ती याच कारणाने. एडीएस-बी ऐकायला मात्र अशी अडचण नाही, आणि ते ऐकायलाच हवं.

६. दुवा तुटला तर

मोबाइल नेटवर्कवर भिस्त असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. टॉवरचे अँटेना खाली, माणसांकडे झुकवलेले असतात. शंभर मीटरवर ड्रोनला एकाच वेळी डझनभर टॉवर ‘दिसतात’ आणि त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. स्क्रीनवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या, आणि टेलिमेट्री मात्र अडखळतेय, असं चित्र दिसतं. म्हणून संकेताची ताकद बघू नका, गुणवत्तेचा आकडा बघा, आणि तो पूर्ण मार्गावर नियोजित उंचीला मोजा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घातली की दोन दुवे झाले असंही नाही. दोघींचे अँटेना एकाच मनोऱ्यावर असतील तर वीज गेल्यावर दोन्ही एकदम जातात. दुसरा दुवा थेट रेडिओचा किंवा उपग्रहाचा ठेवा.

थेट रेडिओ वापरताना अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नका. टोकाच्या दिशेनेच संकेत सर्वांत कमी जातो. अँटेनाची बाजू ड्रोनकडे हवी.

सर्वांत धोकादायक सेटिंग म्हणजे कारखान्यातून आलेलं ‘रिटर्न टू होम’. दुवा तुटला की ड्रोन ठरलेल्या उंचीला चढतो आणि सरळ रेषेत घराकडे निघतो. तुमचा मार्ग वळणाचा असेल तर ती सरळ रेषा राखलेल्या खोक्यांच्या बाहेरून, कदाचित विमानतळाच्या क्षेत्रातून जाते. त्याऐवजी ड्रोनला आलेल्याच मार्गाने परतायला किंवा जवळच्या ठरवलेल्या जागी उतरायला शिकवा, आणि त्या परतीच्या वाटेचे खोकेही आधीच राखून ठेवा. दुवा किती सेकंद तुटला की ही कृती सुरू होईल तो आकडा लेखी असू द्या. मग मोकळ्या जागी ट्रान्समीटर बंद करून ती खरोखर घडते का ते तीनदा तरी बघा.

७. दुसऱ्याला टाळायची वेळ किती मिळते ते मोजा

लहान ड्रोनसाठी एक प्रचलित मानक असं सांगतं, की माणसं असलेल्या विमानापासून आडवं २,००० फूट किंवा उभं २५० फूट अंतर राखा. आडवे सुमारे ६१० मीटर, उभे सुमारे ७५. आता हिशेब करा. १२० नॉटचं हेलिकॉप्टर सेकंदाला ६२ मीटर येतं, तुमचा ड्रोन समोरून १८ मीटर. दोघांतलं अंतर सेकंदाला ८० मीटरने मिटतं.

रिसीव्हरवर दिसलेलं विमान खरं आहे याची खात्री करायला ५ सेकंद, पायलटच्या निर्णयाला ५, आदेश पोचायला १. सेकंदाला ३ मीटरने उतरणाऱ्या ड्रोनला ७५ मीटर खाली जायला २५ सेकंद. झाले ३६ सेकंद, म्हणजे २,८८० मीटर. त्यात ६१० मिळवले की साडेतीन किलोमीटर. एवढ्या लांबून विमान दिसत नसेल तर तुमची टाळण्याची योजना कागदावरच आहे. आदेश न विचारता स्वतः उतरणारा ड्रोन निर्णयाचे आणि दुव्याचे सहा सेकंद, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर वाचवतो. वेगाने उतरता येत असेल तर त्याहून जास्त फायदा.

एडीएस-बी रिसीव्हरला फक्त प्रसारण करणारे दिसतात. पॅराग्लायडर, जुनी ग्लायडर, बंद ट्रान्सपॉन्डरचं विमान त्याला दिसत नाही. त्यांच्यासाठी मार्गावर रेडिओ घेऊन उभे राहणारे निरीक्षक, रडार किंवा कॅमेरा लागतो. नाहीतर उंच इमारती आणि वीजवाहिन्यांना चिकटून, जिथे विमान येतच नाही अशा जागेतून मार्ग न्या. सुरुवातीला हाच पर्याय सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा.

८. नियंत्रकाला काय सांगायचं

नियंत्रित क्षेत्रात जायचं असेल तर नियंत्रकाला ड्रोनच्या बॅटरीत रस नसतो. त्याला जागा, कमाल उंची समुद्रसपाटीपासून फुटांत, सुरू आणि संपण्याची वेळ, दुवा तुटल्यावरची वाट आणि चालू असलेला फोन नंबर हवा असतो. हे सगळं एका पानावर द्या. ड्रोन हाताबाहेर गेला तर क्रम असा ठेवा: आधी फोन, मग दुरुस्ती. शेवटची माहीत असलेली जागा, दिशा, उंची आणि बॅटरी किती मिनिटांची उरलीय, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. ते वाक्य छापून ग्राउंड स्टेशनवर चिकटवा.

९. शेजारी आणखी नवे येताहेत

एअर टॅक्सी, म्हणजे उभं उडणारी विजेवरची विमानं, याच खालच्या पट्ट्यातून चढणार-उतरणार. त्यांच्याकडे आकाशात घिरट्या घालत वाट बघण्याइतकी वीज नसते, म्हणून उतरायची जागा उड्डाणाआधीच पक्की करावी लागते. तुमचा मार्ग अशा उतरण्याच्या जागेजवळून जात असेल तर तुम्हालाच बाजूला व्हावं लागेल असं धरून चाला. अगदी वर सौर विमानं आहेत. झेफायर हे मानवरहित विमान २०२२ मध्ये सलग ६४ दिवस उडत होतं. त्यांची अडचण वेगळी. ती इतकी सावकाश चढतात, की प्रवासी विमानांच्या पातळ्या ओलांडायला तासन्‌तास लागतात.

१०. उतरल्यावर लॉग ताडा

त्याच दिवशी ड्रोनचा लॉग आणि कळवलेले खोके एकमेकांवर ठेवून बघा. प्रत्येक खोक्यात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, मध्यरेषेपासून सर्वांत जास्त सरकलेलं अंतर, सर्वांत मोठा उंचीचा फरक आणि दुवा तुटलेली प्रत्येक जागा असे चार रकाने पुरे. वळणांवर दर वेळी आठ-दहा मीटर बाहेर जात असेल तर वळणाचा वेग कमी करा. उंचीचा फरक सगळीकडे सारखाच दिसत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत या, संदर्भ चुकलाय. तो मार्गासोबत हळूहळू वाढत गेला असेल तर बॅरोमीटर सरकलाय. दहा उड्डाणांचे असे तक्ते जमले की पुढच्या अर्जात खोके किती लहान करता येतील ते अंदाजाने ठरवावं लागत नाही, आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला तुमचे स्वतःचे आकडे असतात.